तेलाचा जळका वास? आधी बॉनेट उघडा

सोलापूरचा मे महिना. सात रस्ता चौकात गाडी थांबली की एसीतून तेलाचा जळका वास यायचा. मी उगाच क्लचवर संशय घेतला. पण जळक्या क्लचचा वास जळक्या कागदासारखा असतो. इंजिन गार झाल्यावर टॉर्च मारला, तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेने धूळ चिकटलेला काळा ओघळ थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपवर! कव्हरखालचं पॅकिंग, म्हणजे तेल अडवणारं रबर, कडक झालेलं. बोल्ट जास्त आवळू नका, प्लास्टिकचं कव्हर तडकतं. नवं पॅकिंग टाका, ओघळ पुसा. नुकतंच ऑइल बदललं असेल तर सांडलेलं जळून वास आपोआप जातो. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) मात्र बघत राहा. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर तेल इंजिनच्या आत जळतंय. कारण पिस्टनच्या झिजलेल्या रिंग नाहीतर व्हॉल्व्हचे सील. तो खर्च मोठा.