माउस त्यांच्याच हातात राहू द्या

भोसरीतल्या एका कारखान्यात मी आयटी सांभाळतो. आधी तिकीट (मदतीची लेखी नोंद) काढा मग बघू, हा नियम कागदावर. प्रत्यक्षात निम्मी कामं जिन्यात गाठून सांगितली जातात: "अरे, तो एक्सेल परत वेड्यासारखं करतोय, जरा बघ ना." अशी हाक आली की काय करायचं, ते नव्या पोरांसाठी लिहितोय.

आधी तारीख बघा. जीएसटी भरायच्या मुदती असतात: ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (महिन्याचा गोषवारा आणि कर). त्याच्या आदल्या दिवशी अकाउंट्सच्या मशीनवर अपडेट टाकायला गेलात तर चहासुद्धा मिळायचा नाही. १४ ला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं, खरेदीची बिलं जुळवणं सुरू होतं. तेव्हा मात्र न बोलावता चक्कर मारा.

गेलात की शेजारी खुर्ची ओढून बसा. माउस हिसकावू नका. मी तेच करायचो; खटाखट चार क्लिक, "झालं मॅडम". पुढच्या महिन्यात तीच हाक. २०२५ मध्ये एक बिल काही केल्या जुळेना. बिल नंबर होता १२-४, एक्सेलने त्याचा १२ एप्रिल केला होता. अकाउंट्सच्या मॅडमनी कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट केला, तर तिथे ४५७५९! एक्सेल तारखा दिवस मोजूनच ठेवतं, १९०० पासून. एकदा तारीख झाली की मूळ नंबर गेला, पुन्हा टाइप करणं आलं. म्हणून कॉलम कोरा असतानाच टेक्स्ट करायचा, मग नंबर टाकायचे. एखादाच असेल तर आधी ' हे चिन्ह. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा मला बोलावलं नाही.

बदल्यात मदत मागायला लाजू नका. खरेदीच्या रिपोर्टमध्ये मी डेबिट नोटा (माल परत केला वगैरे की पुरवठादाराच्या नावे काढतात त्या) बेरजेत धरल्या होत्या. त्या वजा करायच्या असतात, हे मॅडमनी हळूच टेबलापाशी येऊन सांगितलं, साहेबांसमोर नाही.

कोणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला तरी घेऊ नका, त्यांनाच टाकायला सांगा. परत आलात की तिकीट स्वतःच काढून बंद करा, नाहीतर महिन्याअखेरी "दिवसभर करतोस काय?" ऐकाल.

आणि प्रेमापोटी मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहून देताना सांभाळून. माझा एक मॅक्रो गणपतीत अडला. गावी आरती चालू, आणि फोनवर मॅडम: "पिवळी ओळ दिसतेय रे, काय करू?" आता मॅक्रो दिला की सोबत वहीचं एक पान असतं, काय अडलं तर काय करायचं त्याचं. मी सांगतो, लिहितात मॅडम.