हलत्या वस्तूंचा माग ठेवणारी प्रणाली कशी बांधावी

सर्व्हर मोजायला बसण्याआधी एक आकडा ठरवा: नकाशावरचा ठिपका खऱ्या जागेपासून किती मीटर चुकलेला चालेल? ताशी 60 किमीने धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. पाच सेकंद शिळी नोंद म्हणजे 83 मीटरची चूक. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर उभे राहतात.

समजा मर्यादा 50 मीटर ठरली. मग गाडीला दर सेकंदाला बोलायला लावू नका. शेवटचं ठिकाण, वेग आणि दिशा यांवरून 'आत्ता गाडी इथे असेल' असा अंदाज गाडीतलं उपकरण आणि सर्व्हर दोघांनीही एकाच सूत्राने काढायचा. अंदाज आणि खरी जागा यांत 50 मीटरचा फरक पडला, तरच उपकरण संदेश पाठवेल. सरळ रस्त्यावर ते गप्प राहतं, वळणावर बोलतं. शिवाय दर 30 सेकंदांनी 'मी चालू आहे' एवढं कळवायला लावा, नाहीतर गप्प उपकरण आणि बंद पडलेलं उपकरण सारखंच दिसतं. ती हाक चुकली की ठिपका करडा करा. शिळी जागा ताजी म्हणून दाखवू नये, याबाबत मी फार आग्रही आहे.

प्रत्येक संदेशात उपकरणाने स्वतः दिलेला क्रमांक हवाच. नेटवर्क अडखळलं की 419 आधी पोचतो आणि 418 मागून येतो. क्रमांक न तपासता लिहीत गेलात तर गाडी नकाशावर उलटी धावते. 418 इतिहासात जमा करा, पण चालू जागेवर लिहू नका. एमक्यूटीटी या उपकरणांच्या संदेशवहन पद्धतीत 'किमान एकदा पोचव' या पातळीवर तोच संदेश दोनदाही येतो, तोही याच तपासणीत गळतो. क्रमांक उपकरणाच्या कायम मेमरीत ठेवा. रीस्टार्टनंतर तो 1 पासून सुरू झाला, तर सगळे नवे संदेश जुने समजून टाकले जातील.

आता आलेल्या संदेशांची विभागणी, आणि इथे मोह टाळायचा. काफ्का ही संदेश क्रमाने साठवून पुढे देणारी प्रणाली; तिची की (संदेश कोणत्या भागात जाईल हे ठरवणारी खूण) म्हणून परिसर घेऊ नका, उपकरणाचा आयडी घ्या. काफ्का क्रम राखतो तो एका पार्टिशनपुरता, म्हणजे एका भागापुरता. परिसर की असेल तर हद्द ओलांडताच गाडी दुसऱ्या पार्टिशनमध्ये जाते आणि क्रमाची हमी संपते. शिवाय मोठ्या सामन्याच्या दिवशी स्टेडियमभोवतीचा सगळा भार एकाच पार्टिशनवर येतो.

'माझ्या जवळ कोण आहे?' यासाठी वेगळा इंडेक्स (कोणत्या जागी कोणती गाडी आहे याची सूची) मेमरीत ठेवा. तो काफ्कातल्या साठवलेल्या संदेशांमधून पुन्हा उभारता येतो, म्हणून त्याच्या बॅकअपची फार चिंता नको. जिओहॅश नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरांचा संकेत देतो; सहा अक्षरी जिओहॅशचा चौकोन विषुववृत्तावर साधारण 1.2 किमी बाय 0.6 किमीचा असतो. शोधताना शेजारचे आठही चौकोन बघा, कारण दहा मीटरवरची गाडी हद्दीपलीकडे असू शकते. मला उबरने 2018 मध्ये खुली केलेली एच3 ही षटकोनी जाळी जास्त आवडते: सहाही शेजाऱ्यांचे मध्यबिंदू जवळपास सारख्याच अंतरावर असतात. गाडी चौकोन बदलते तेव्हा आधी नव्यात घाला, मग जुन्यातून काढा. क्षणभर दोनदा दिसली तर आयडीवरून एक गाळता येते; गायब झालेली मात्र कुणालाच सापडत नाही.

शेवटी नोंदवलेले जुने संदेश मुद्दाम क्रम विस्कटून परत चालवा आणि मध्येच एक सर्व्हर बंद करा. प्रत्येक गाडीची शेवटची जागा मूळ नोंदीशी जुळेपर्यंत हेच करत राहा.