ट्रान्सप्लांटनंतर झोप उडालीय, हात थरथरतात? गोळीच्या वेळेपासून सुरुवात करा

किडनी ट्रान्सप्लांट झालं की लोक म्हणतात सुटलीस बाई डायलिसिसमधून, पण स्टेरॉइडमुळं रात्र रात्र झोप नाही, टॅक्रोलिमसमुळं (शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) हात थरथरतात आणि क्रिएटिनिनचा (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट यायचा असला की डोकं नुसतं भणभणतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. मला माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे होतंय तिकडं शांतपणे लक्ष देण्याचा, उपयोग झाला, कसं करायचं ते सांगते.

वेगळा वेळ काढायला जाऊ नका, राहूनच जातं. टॅक्रोलिमस बहुतेकांना बारा बारा तासांनी घ्यावीच लागते ना, माझा अलार्म सकाळी ८ आणि रात्री ८ चा, त्यालाच हे जोडून टाका. गोळी घेतली की फोन पालथा ठेवायचा, खुर्चीत पाय टेकवून बसायचं. श्वास रोखायचा नाही, ओढूनताणून घ्यायचा नाही, नाकाशी येतोय जातोय तेवढं बघायचं. मन रिपोर्टकडं पळणारच, लक्षात आलं की परत आणायचं. सुरुवातीला ५ मिनिटं बास.

थरथरीचं सांगते. पाहुण्यांसमोर कपबशी वाजायला लागली की मी लाजेनं हात आवळून धरायचे, त्यानं अजूनच वाजायची. आता पेल्यातलं पाणी हलताना नुसतं बघते, मनात म्हणते थरथरतंय, आणि खांदे सैल सोडते. थरथर गेली नाही पण जीव कासावीस होत नाही.

रात्री अंथरुणावर पडून पायाच्या अंगठ्यापासून वर एकेक जागा जाणवून घ्यायची. ओटीपोटाशी, जिथं नवीन किडनी बसवलीय तिथं मी हात ठेवून जरा जास्त थांबते, आईची आहे ती. झोप आलीच पाहिजे असा हट्ट मात्र नको.

अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीनं ट्रान्सप्लांटच्या पेशंटनाच ८ आठवडे हे शिकवून बघितलं, २०१० साली छापून आलं, चिंता आणि झोप दोन्हीत फरक पडला होता.

पण ताप १००.४ च्या वर, लघवी कमी, अचानक वजन वाढलं, किडनीच्या जागी दुखतंय, तर ध्यान करत बसू नका, लगेच डॉक्टरना फोन. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून कमी करायची नाही, कधीच नाही.

सांगलीत असाल तर पहाटे कृष्णेच्या घाटावर गर्दी नसते तेव्हा मास्क लावून सावकाश चाला, पाऊल टेकलं, उचललं, एवढंच लक्ष.

टॅक्रो लेव्हलच्या, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची असते, तेव्हा लॅबच्या बाकड्यावरच माझी ५ मिनिटं होतात, डबी मुठीत धरून.