नव्या नाटकावर लोक काय बोलतात ते ऐकायचं कसं

नाटक लिहून झालं की ते आधी चार लोकांना वाचून दाखवायचं, आणि बेळगावात ऐकायला माणसं मिळत नाहीत असं होतच नाही, चहा आहे म्हटलं की हॉल भरतो. तरी बोलावताना जरा निवडून बोलवा. सात-आठ जण पुरे. त्यात नाटकात कामं केलेला एक, नाटकाला कधीच न जाणारा एक, एखादी मराठी शिकवणारी बाई, आणि कन्नड घरातला मराठी कळणारा एखादा मित्र तर हवाच, कारण आपल्याकडच्या प्रेक्षकात तो बसलेला असतोच.

स्वतः वाचू नका. लेखक वाचतो तेव्हा कागदावर नसलेला सगळा राग नि लोभ तो आवाजात भरतो, मग लोक त्याच्याकडं बघून हसतात आणि संहिता तशीच राहते. दोस्ताला वाचायला द्या, तुम्ही वही घेऊन भिंतीकडंला बसा. लोक बोलतील ते नंतर, आधी ते बसलेत कसे ते लिहा. कुणी मोबाईल कुठल्या पानाला काढला, कोण पाणी मागायला उठलं, पंखा वाढवा म्हणून कुणाला कधी सुचलं. खरंच सांगतो, पंखा बहुतेक लांबलेल्या प्रवेशातच आठवतो.

आणि पूर्ण लिहून होईपर्यंत थांबायलाच पाहिजे असं नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. त्यांनी 1880 ला शाकुंतल पुण्यात पहिल्यांदा लावलं ते चारच अंकांचं, आणि 1882 ला सौभद्रचे तर पहिले तीनच अंक झाले, बाकीचे मागनं आले. तेव्हा तुमचा पहिला अंक तयार असेल तर बोलवा लोकांना, पुढं काय होणार म्हणून कोण विचारतंय बघा, कुणीच विचारलं नाही तर दुसरा अंक लिहायच्या आधीच कळलं, केवढा वेळ वाचला.

आता खरी गंमत, वाचन संपल्यावरची. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "छान झालंय की!" ते आदरानं घ्या आणि वहीत लिहू नका. मग एकेक सुरू होतात. काकांना शेवटी हिरो जगायला पाहिजे असतो. एकजण म्हणतो सीमाप्रश्नावर एक भाषण टाका, टाळ्या पक्क्या. कुणाला भाच्यासाठी रोल पाहिजे, छोटा चालेल पण एंट्री दमदार पाहिजे. काकू म्हणतात सगळं बरं आहे पण सून एवढं उलट बोलत नाही ओ कुठली. आणि तेवढ्यात कोपऱ्यातला, जो पहिल्या प्रवेशापासून डोळे मिटून होता, तो उठून म्हणतो दुसरा अंक घाईत झालाय, आणि दोघं-तिघं माना हलवतात.

ह्यातलं एकही बोलणं टाकायचं नाही. माणूस सांगतो तो उपाय बहुतेक चुकीचा असतो, पण जिथं बोट ठेवतो ती जागा बरोबर असते. भाषण टाका म्हणणाऱ्याला विचारा, कुठं टाकू? तो म्हणेल बाप घर विकतो तिथं. म्हणजे तिथं बाप गप्प आहे आणि त्यानं काहीतरी बोलावं अशी ऐकणाऱ्याची तडफड झाली. भाषण नको, पण बापाला एक वाक्य द्या. काकूंची सूनही तशीच, ती उलट बोलते कारण मागं तिला काय सहन करावं लागलं ते तुम्ही दाखवलंच नाही.

मधे बोलायचं नाही. "अहो पण त्याचा अर्थ असा की" हे तोंडावर आलं की चहाचा घोट घ्या. प्रयोगाला तुम्ही प्रत्येक खुर्चीजवळ उभं राहून अर्थ सांगणार आहात काय?

प्रश्न एकच विचारा, घरी जाऊन बायकोला ही गोष्ट कशी सांगाल? इथं हसून पोट दुखतं. एकाच्या गोष्टीत पोस्टमन हिरो होतो, दुसऱ्याच्या गोष्टीत मधली बहीण गायबच. दोघा-तिघांनी बहीण गाळली तर बहिणीला नाटकात काम नाही, काढा तिला.

भाषेवरनं भांडण होणारच. निपाणीचा म्हणणार असं कोण बोलतंय, खानापूरचा म्हणणार आमच्याकडं हेच बोलतात, पुण्याहून सुट्टीला आलेला पाहुणा म्हणणार प्रमाण मराठी करा. पात्र कुठल्या गावचं ते आधी पक्कं करा आणि भाषेबद्दल त्या गावच्याच माणसाचं ऐका. पाहुण्याला चहा द्या.

जे काहीच बोलले नाहीत त्यांच्याकडं जास्त लक्ष असू दे. ते बोलतात दारात, चपला घालताना, एकमेकांशी. तिथं भरवशाचा एक माणूस उभा करा. "तो पत्राचा सीन मला कळलाच नाही रे" हे वाक्य हॉलमधे कधीच ऐकायला मिळणार नाही.

यात्रेत गावच्या पोरांनी बसवायचं नाटक असेल तर वाचनावर भागत नाही, तालमीला गावातली म्हातारी माणसं येऊन बसू देत. ती मधेच बोलतात, मोठ्यानं बोलतात, आणि नांगर उलटा धरलेला त्यांना पहिल्या मिनिटाला दिसतो.

कुंदा, म्हणजे आपली बेळगावची खव्याची मिठाई, शेवटी काढा. आधी दिला तर तोंड भरलेलं असतं नि सगळे नुसते मान हलवतात. वही आठवडाभर उघडू नका, मग जिथं तिघांचं बोट एकाच जागी पडलंय तिथनं लिहायला बसा. पुढच्या वाचनाला निम्मे नवीन बोलवा, आणि जुन्यातला जो सगळ्यात जास्त भांडला त्याला पहिला फोन करा.