मित्राला रॉकेटचा नाद लावायचाय? आधी दोरी घ्या

हाय-पॉवर रॉकेट्री म्हणजे एच आणि त्यावरच्या वर्गाच्या मोटर्स (रॉकेटला ढकलणारी इंधनाची नळकांडी; ताकदीनुसार त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं असतात), एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले वेळ, 160 न्यूटन-सेकंदांहून जास्त. अमेरिकेत त्या विकत घ्यायलाही लेव्हल 1 चं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा मित्राला थेट तिथे नेऊ नका. फटाक्यांची दारू काढून मोटर बनवण्याचं खूळ त्याच्या डोक्यात आलं, तर तिथल्या तिथे काढून टाका; जिवाशी खेळ आहे आणि स्फोटकांचा कायदाही आड येतो.

सुरुवात पाण्याच्या रॉकेटने करा. बाटली सोड्याचीच घ्या, साध्या पाण्याची दाब सोसत नाही. पंख पुठ्ठ्याचे चालतात. आता खरी गंमत: रॉकेट बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधा, तिथे दोरी बांधा आणि डोक्यावर गरागरा फिरवा. नाक पुढे राहिलं तर रॉकेट स्थिर. शेपूट पुढे आली तर नाकात थोडी शाडू माती भरा, नाहीतर पंख मोठे करा. मोठ्या रॉकेटमागचं तत्त्व हेच: दाबमध्य, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, गुरुत्वमध्याच्या मागे, निदान रॉकेटच्या एका व्यासाइतका. हे हाताला कळलं की ओपनरॉकेट हे रॉकेटचा आराखडा करून उड्डाण पडद्यावर तपासायचं फुकट सॉफ्टवेअर उघडून द्या; मग पडद्यावरच एच मोटर बसवून तो रात्रभर बसेल.

उडवताना सायकलचा पंप, लांब नळी आणि मोकळं मैदान हवं. एक तृतीयांश पाणी पुरे. पुण्यात लोहगावच्या आसपास मात्र नको, तिथे विमानतळ आणि हवाई दलाचा तळ आहे.