परमनंट आयब्रो करायच्यात? बडोद्यात टेक्निशियन निवडताना काय पाहावे

परमनंट मेकअपमध्ये, म्हणजे सुयांनी त्वचेत रंग भरून केलेल्या भुवई, ओठ किंवा आयलाइनरच्या कामात, खुर्चीवरून उठताना आरशात दिसते ते काम वेगळे आणि सहा आठवड्यांनी चेहऱ्यावर उरते ते काम वेगळे. पहिले तीन-चार दिवस भुवयांचा रंग गडद दिसतो. मग बारीक खपली धरते, आठ-दहा दिवसांत ती गळते आणि खालची भुवई इतकी फिकी वाटते की पैसे वाया गेले असे वाटावे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास रंग पुन्हा वर येतो. म्हणून टेक्निशियन अलकापुरीतली असो, मांजलपुरातली असो की रावपुऱ्यातल्या जुन्या पार्लरमधली, पहिली मागणी एकच ठेवा: बरे झालेले फोटो दाखवा.

इन्स्टाग्रामवर बहुतेक फोटो त्याच दिवशी काढलेले असतात. त्यांत रेघा कुणाच्याही सुबक दिसतात. तुम्हाला हवेत ते सहा आठवड्यांनंतरचे, आणि त्यांत एक-दोन तरी वर्षभरानंतरचे, खिडकीच्या उजेडातले, फिल्टरशिवाय. केसांसारख्या रेघा वेगवेगळ्या दिसतात की एकमेकींत मिसळून पट्टा झाला आहे? भुवई निळसर-राखाडी झाली असेल तर पिगमेंट, म्हणजे त्वचेत भरलेला रंग, फार खोल गेले आहे किंवा त्यात कार्बनचा काळा जास्त होता. विटकरी किंवा नारिंगी झाली असेल तर आयर्न ऑक्साइडमधला काळा-पिवळा उडून लाल तेवढा उरला आहे. भुवईखालची त्वचा चकचकीत किंवा खडबडीत दिसली तर तो व्रण आहे, आणि त्यावर पुढे कुठलेच काम धड बसत नाही. असे फोटो नाहीत म्हणणारी टेक्निशियन नवीन असेल किंवा ग्राहक टच-अपला, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीच्या बैठकीला, परत येत नसतील. दोन्ही परिस्थितींत तिथे आगाऊ रक्कम भरू नका.

फोटोंत तुमच्यासारखी त्वचा शोधा. गोऱ्या, कोरड्या त्वचेवरचे काम सावळ्या, तेलकट त्वचेवर तसेच बसत नाही. मायक्रोब्लेडिंगमध्ये सुयांच्या रांगेने बारीक चिरा देऊन त्यांत रंग भरतात. तेलकट त्वचेत त्या रेघा काही महिन्यांत पसरतात. अशा त्वचेला मशीनने ठिपक्यांची छटा, म्हणजे पावडर ब्रो, जास्त काळ नीट टिकते. फक्त मायक्रोब्लेडिंग शिकलेली टेक्निशियन सगळ्यांना मायक्रोब्लेडिंगच सुचवणार, तेव्हा तुमची त्वचा पाहून ती कोणते तंत्र सांगते आणि का, हे विचारा. रंग त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास बसायला हवा. त्याहून वर राहिला तर खपलीबरोबर जातो, खोल गेला तर पसरतो आणि निळा पडतो. ही खोली हाताला कळायला सराव लागतो.

ओठांचे काम याहून अवघड. आपल्याकडे अनेकांचे ओठ कडेने काळसर असतात. त्यावर थेट गुलाबी रंग भरला की बरे झाल्यावर जांभळट छटा येते. जाणकार टेक्निशियन आधी नारिंगी करेक्टर, म्हणजे काळेपणा मारणारा रंग, वापरते, सहा ते आठ आठवडे थांबते आणि मगच हवा तो रंग देते. एका बैठकीत काळे ओठ गुलाबी करून देते असे सांगणाऱ्या ठिकाणाहून सरळ निघा. ओठांवर पूर्वी तापाचे फोड, म्हणजे हर्पिस, उठले असतील तर ते सांगा. सुया लागल्यावर ते पुन्हा उसळतात, म्हणून डॉक्टर आधीपासूनच गोळ्या सुरू करतात. हा प्रश्न टेक्निशियनने स्वतःहून विचारला तर ती शिकलेली आहे हे समजते.

आता सर्टिफिकेट. डॉक्टर-नर्सची असते तशी या कामाची नोंदणी करणारी परिषद भारतात नाही. भिंतीवरचा गुमास्ताधाऱ्याचा, म्हणजे दुकान-नोंदणीचा, कागद फक्त दुकानाचा, कौशल्याचा नाही. कोर्स किती दिवसांचा होता, नुसत्या रबरी कातडीवर झाला की शिक्षकाच्या देखरेखीखाली खऱ्या माणसांवर, आणि त्यातली किती कामे बरी झाल्यावर पुन्हा तपासली, हे विचारा. दोन दिवसांच्या कोर्समध्ये एकही काम बरे होताना पाहायला मिळत नाही. स्किन क्लिनिकमध्ये जाणार असाल तर प्रत्यक्ष मशीन कोण धरणार हेही विचारून घ्या. पाटीवर डॉक्टरांचे नाव आणि हातात मशीन घेतलेली मुलगी वेगळी, असे सहज घडू शकते.

स्वच्छतेबद्दल भीड ठेवू नका. रक्ताशी संबंध येणारे काम आहे, त्यातून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. सुई किंवा कार्ट्रिज (मशीनला लावायचा सुयांचा संच) तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाले पाहिजे, पाकिटावर निर्जंतुकीकरणाची खूण, लॉट नंबर आणि मुदत हवी. मशीनची कार्ट्रिज आतल्या पडद्याची असावी, नाहीतर द्रव मागे मशीनमध्ये शिरतो. मायक्रोब्लेडिंगचे हँडलही एकदाच वापरायचे असलेले बरे. पुन्हा वापरायची धातूची साधने ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे गेली पाहिजेत. पार्लरमधली निळ्या दिव्याची यूव्ही पेटी निर्जंतुक करत नाही, साधने उकळून घेणेही पुरेसे नाही. पिगमेंट मोठ्या बाटलीतून लहान कपात काढावे, उरलेले बाटलीत परत ओतू नये. वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या डब्यात जातात की कचऱ्याच्या टोपलीत, एवढे पाहिले तरी बरेच कळते. त्याच हातमोज्यांनी मोबाइल उचलला गेला तर नवे हातमोजे घालायला सांगा. टेक्निशियनने स्वतः हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस घेतले आहेत का, हेही विचारता येते.

चांगली टेक्निशियन काही जणींना नाही म्हणते. गर्भवती किंवा अंगावर पाजणारी, जखमेवर केलॉइड, म्हणजे फुगीर जाड व्रण, येणारी, साखर ताब्यात नसलेली, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारी किंवा नुकतीच बंद केलेली, भुवईवर सोरायसिस किंवा एक्झिमा असलेली, या सगळ्यांना तिने थांबवले पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि तुम्हीही त्या मनाने बंद करू नका. केसांच्या डायने किंवा काळ्या मेंदीने कधी फोड आले असतील तर सांगा. पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग लावून ॲलर्जीची चाचणी, कानामागे करून किमान २४ ते ४८ तास पाहावी. मात्र ती स्वच्छ निघाली तरी उशिरा उठणारी ॲलर्जी त्यात सापडेलच असे नाही.

सुन्न करणाऱ्या क्रीमची ट्यूब हातात घेऊन वाचा. औषधाचे नाव आणि टक्केवारी नसलेली डबी नको. आयलाइनरसाठी तर जास्तच जपा, लिडोकेन-प्रिलोकेन क्रीम डोळ्यात गेली तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. सुई लावण्यापूर्वी पेन्सिलने आकार काढून तुम्हाला बसलेल्या स्थितीत आरसा दाखवायला हवा. आडवे पडल्यावर चेहरा बदलतो. आकार पसंत नसेल तर तिथेच थांबवा. संमतिपत्र इंग्रजीत असेल तर मराठी-गुजरातीत समजावून घ्या आणि मगच सही करा. ठरलेल्या रकमेत सहा-आठ आठवड्यांनंतरचा टच-अप धरला आहे का, हेही त्यात लिहून घ्या.

बडोद्यात तारीख ठरवताना नवरात्र आधी मोजा. पहिले दहा-चौदा दिवस घाम आणि पाणी टाळायचे असते, टच-अपनंतर पुन्हा तेवढेच. नऊ रात्री गरबा खेळणाऱ्यांनी पहिली बैठक निदान अडीच महिने आधी उरकावी. डिसेंबरच्या लग्नासाठीही तेच सोयीचे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, तोंडावर काम करू नका. दिवसभर गच्चीवरचे ऊन ताज्या रंगाला आणि बऱ्या होणाऱ्या सावळ्या त्वचेला, दोघांना वाईट, तिथे काळे डाग उमटतात.

पूर्वी केलेली भुवई बिघडली असेल तर तिच्यावर गडद रंग चढवून झाकणारी टेक्निशियन नको. आधी रंग काढावा लागेल का, हे त्वचारोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. लेसरने आयर्न ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेले रंग उलट काळे पडू शकतात, म्हणून लहानशा जागी चाचणी होते.

थोडी सूज आणि लाली दोन-तीन दिवसांत उतरते. त्यानंतर लाली वाढत गेली, पू आला, ताप आला तर टेक्निशियनला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. बडोद्यातल्या सरकारी एसएसजी हॉस्पिटलमध्येही त्वचारोग विभाग आहे. आयलाइनरनंतर डोळा दुखला किंवा अंधुक दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. रंगाच्या जागी काही महिन्यांनी गाठी उठल्या तरीही दाखवा. जाताना पिगमेंटचा ब्रँड, शेड, बॅच नंबर आणि तारीख लिहिलेला कागद सोबत न्या. तो काम झाल्या दिवशीच टेक्निशियनकडून मागून घ्यायचा असतो, आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या माणसालाही परमनंट मेकअप असल्याचे आधी सांगायचे असते.