फळमाशीच्या अळीचे खंड कसे वाचावेत

होमिओटिक जनुकातील बिघाड ओळखायचा असेल, तर आधी खंड मोजावेत आणि मगच त्यांचे रूप पाहावे. खंड किती असावेत हे एका गटातील जनुके ठरवतात, तर कोणत्या खंडाने काय व्हावे हे दुसऱ्या, होमिओटिक गटातील.

२५ अंश सेल्सिअसला अंडी घातल्यापासून सुमारे एका दिवसात निरोगी अळ्या बाहेर पडतात, त्यामुळे त्यानंतरही न फुटलेली अंडी वेचावीत. सौम्य ब्लीचने त्यांचे बाहेरचे कवच काढावे, लॅक्टिक आम्ल मिसळलेल्या हॉयर माध्यमात (नमुना पारदर्शक करून स्लाइडवर बसवण्याचे द्रावण) ती स्लाइडवर बसवावीत आणि स्लाइड रात्रभर ६० अंशांना ठेवावी. मऊ पेशीजाल विरघळून जाते आणि केवळ उपत्वचा, म्हणजे अंगावरचे बाहेरचे कडक आवरण, उरते. ती सूक्ष्मदर्शकाच्या डार्क फील्ड प्रकाशयोजनेत पाहिल्यास पोटाकडील बारीक काट्यांचे पट्टे काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना दिसतात.

वक्षाचे तीन आणि उदराचे आठ पट्टे मोजावेत. निम्मेच भरले, तर होमिओटिक जनुकांच्या मागे लागू नये. तो ‘फुशी ताराझू’सारख्या जनुकाचा दोष असू शकतो. या जपानी नावाचा अर्थच ‘खंड कमी पडले’ असा आहे.

संख्या बरोबर असेल, तर पट्ट्यांकडे नीट पाहावे, कारण खरे काम इथे आहे. वक्षावरचे पट्टे अरुंद असून त्यांचे काटे इतके नाजूक असतात की फोकस किंचित हलला तरी ते नाहीसे होतात. उदरावरचे काटे जाड, ठळक आणि अनेक ओळींत असतात. वक्षाच्या प्रत्येक खंडावर कीलिन अवयव या इवल्या संवेदी अवयवांची एक जोडी असते, आणि संशय आला की मी पट्ट्यांपेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो. ही जोडी उदरावर दिसली, तर तिथे वक्षाची ओळख आली आहे असे समजावे. संपूर्ण बायथोरॅक्स संकुल, म्हणजे मागच्या खंडांची ओळख ठरवणाऱ्या होमिओटिक जनुकांचा समूह, गळालेल्या भ्रूणात वक्षाच्या तिसऱ्या खंडापासून मागचे बहुतेक खंड दुसऱ्या खंडासारखे होतात, आणि कीलिन अवयव उदरभर दिसतात.

दिशा ठरवताना ढोबळ नियम असा की जनुक निकामी झाले तर खंड पुढच्या, म्हणजे डोक्याकडील शेजाऱ्यासारखा होतो, आणि जनुक भलत्या जागी चालू झाले तर बहुधा मागच्यासारखा. अँटेनापीडिया हे वक्षातील होमिओटिक जनुक डोक्यात चालू झाल्यावर स्पर्शिकेच्या जागी पाय येतो, तो याच दुसऱ्या प्रकारात मोडतो.

जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांच्या प्रसिद्ध चार पंखी माशीवरून मात्र भ्रूणाचा अंदाज बांधू नये. तिच्यात बायथोरॅक्स संकुलातील अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाचे नियंत्रक भाग तेवढे बिघडलेले असतात. ते जनुक पूर्ण नष्ट झाले, तर प्राणी प्रौढावस्थेपर्यंत पोहोचतच नाही, आणि म्हणूनच त्याचा निकाल अळीच्या उपत्वचेवर वाचावा लागतो.